अर्धचंद्र

दर गुरुवारी तीन वाजता
बडोद्याच्या जेलमध्ये मी इंग्रजी शिकवते.
पर्स, मोबाइल, छत्रीसुद्धा फाटकावर ठेवायची;
खडू तेवढे आत नेऊ देतात, मोजून.

फळ्यावर लिहिलं : कॉन्व्हिक्ट.
म्हटलं, हे नाम. हा माणूस.
मग बोटानं काना पुसला, त्यावरच्या चंद्रासकट.
कन्व्हिक्ट. हे क्रियापद.
उंच खुर्चीवरून कोणी एक ते करतो, एकदाच,
बहुधा दुपारच्या जेवणाआधी.

हसमुख पंचाल, जन्मठेप, नववं वर्ष
(नाव आईनं ठेवलेलं, त्यात कोर्टाचा दोष नाही),
फळ्याकडे बघत राहिला.
"बेन, चांदो गयो तो माणस पण गयो?"

वर्ग हसला.
अर्धचंद्र देणे म्हणजे आमच्यात
मानगुटीला धरून उंबऱ्याबाहेर घालवणे,
हे सांगणार होते. नाही सांगितलं.
इथल्यांना मानगुटीला धरूनच
आत आणलेलं.

कनू दरजी मागच्या रांगेत. अंडरट्रायल.
मराठीत कच्चा कैदी, मी म्हटलं,
आणि तो असा खूश झाला की विचारू नका.
"हे तर आमच्या धंद्यातलं!
ब्लाउज आधी कच्चा शिवायचा, ट्रायल घ्यायची,
काखेत घट्ट झाला तर उसवायचा.
माझा सहा वर्षं कच्चाच आहे, बेन.
अंगावर आहे,
आणि उसवायला कोणी येत नाही."

त्याच्या वकिलाचं आडनाव दोशी.
श शहामृगातला, पोटफोड्या नव्हे,
पण कानाला काय कळतं.
पुकारा झाला की कनू दचकायचा.

घरी आले तर पुण्याहून धाकटीचा फोन :
"आईच्या वर्षश्राद्धाला येणं झालं नाही,
अगं, इतकं गिल्टी वाटतंय मला."
असू दे, म्हटलं.
झालं, तेवढ्यावर निभावलं.
मग तिनं सांडगे वाळले का ते विचारलं
आणि माझी कुकरची तिसरी शिट्टी झाली.

रात्री कोश काढून बसले.
आरोप आणि वृक्षारोपण एकाच पानावर नव्हते,
पण घराणं एकच निघालं.
कोणी लावलं, कोणी पाणी घातलं,
आणि सावलीला कोण बसलं
ते कोशात देत नाहीत.

वैशाखात कनूचा निकाल लागला. नॉट गिल्टी.
पुढच्या गुरुवारी मागच्या रांगेत जागा रिकामी होती,
हसमुख तिथे पाय पसरून बसला.

नंतर कधीतरी मांडवीजवळ भेटला कनू,
चहाच्या लारीपाशी.
निकालाचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत,
पिशवी शर्टाच्या आत.
"बेन, आता मी कोण? इंग्रजीत?"

शोधलं मी. चहा निवेपर्यंत शोधलं.
त्याच जुन्या शब्दापुढे एक नॉट लावून
इंग्रजी हात झटकते.
मराठीही काही फार पुढे गेलेली नाही :
निर् दारात उभा,
दोष आत, होता तिथेच.
सहा वर्षं ज्याची फुकट गेली
त्याच्यासाठी नाम नाही.
क्रियापदं मात्र ढीगभर.

"सुटलेला," मी म्हटलं शेवटी.
शाळा सुटते तसा.
गाठ सुटते. वारा सुटतो.
एसटीसुद्धा सुटते, आणि आपण फलाटावर.
मी बोलतच सुटले होते.

"छुट्टो," तो म्हणाला, स्वतःशीच, दोनदा.
मग हसला. "आ छुट्टा जेवो?"
आणि खिशातून सुट्टे काढून
लारीच्या पत्र्यावर एकेक नाणं मांडत
माझ्याही चहाचे दिले त्यानं.

शर्ट आत जायच्या आधीचा,
स्वतःच शिवलेला.
खांद्यात आता चार बोटं सैल.